न मोजलेल्या फेऱ्या

शारजा,
१४ जानेवारी

प्रिय बाबली,

पत्र बघून तू आधी हसणार. हातात फोन असताना हा कागद कशाला काळे करतो, असं म्हणणार आणि पावाच्या फेरीवर चार घरांना दाखवत सुटणार. दाखवू नकोस. आधी एकटा बसून वाच. आठवीत शाळा सोडली त्यानंतर सही सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ओळी वरखाली झाल्या तर चालवून घे. फोनवर मी तीन वेळा सांगायला घेतलं होतं. तिन्ही वेळा पहिल्याच वाक्याला तू म्हणालास, 'सोड रे साईशा, जेवलंस काय ता सांग.' तुझं हे असंच. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी त्याला माफ करून मोकळा होतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद. आमच्याच गोदामात हळर्णचा गौरेश आहे, तो गुरुवारी सुट्टीवर निघतो आहे. त्याच्या हातून पाठवतो.

गेले तीन रविवार तू घड्याळाच्या ॲपमधल्या आलेखाचा फोटो पाठवतोस. निळी रेघ वर चाललेली, गुलाबी रेघ खाली आलेली, आणि फोटोखाली तुझा आवाज, 'फ्रेश दाखवता, नाय? तू फक्त हां म्हण, मी निघतंय.' मी उत्तर दिलं नाही. तू समजलास ड्यूटी असेल. ड्यूटी होती, पण एक शब्द लिहायला किती वेळ लागतो? फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी स्पर्धा आहे, तू फॉर्म भरून बसला आहेस, आणि उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी आहे. डॉक्टर माझ्यासमोर बोलले होते, ह्या खांद्यावर पुन्हा पडलास तर हात पानावरून तोंडापर्यंत येणार नाही. म्हणजे माझा 'हो' की 'नाही' हा तुझ्या हाताचा प्रश्न आहे, मला कळतं ते. उत्तर देतो. पण नुसतं उत्तर दिलं तर तुला पटणार नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहावं लागेल.

इकडचं सांगायचं तर तब्येत बरी आहे. तांदळाच्या गोणी ट्रॉलीवर चढवायच्या, ट्रॉली ढकलत गाडीपर्यंत न्यायची, रिकामी परत आणायची. बारा तास. खोलीत आठ जण. एक बेळगावचा आहे, तो झोपेत कानडीत भांडतो. नाश्त्याला इथे ताटाएवढी चपटी रोटी मिळते. पहिल्या दिवशी मी ती कानाजवळ नेऊन दाबली. तू भट्टीतून निघालेला गोल पाव, उंडो, तसा दाबायचास आणि वरचा पापुद्रा कुरकुरला की म्हणायचास, 'हो बोलता बघ.' ही काही बोलली नाही. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत राहिले. तुला माहीत आहे, सात नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. तुयेच्या कारखान्यात चार महिने, डिचोलीला सोड्याच्या गाडीवर दोन, कॅसिनोच्या भांड्यांवर तर अठरा दिवस. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भोवरा आहे. ही आठवी नोकरी टिकली, कारण सोडून जाणार कुठे? दाराबाहेर वाळू.

त्या सातांतली एक मांद्र्याची, सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानातली. तिथेच ते घड्याळ मिळालं. एक रशियन पाहुणा तीन महिने रोज सायकल न्यायचा, जाताना घड्याळ माझ्या हातात ठेवून गेला. मनगटाला बांधून बटण दाबलं की काळजाचे ठोके, चढ, वेग सगळं टिपून घेतं आणि फोनवर दोन रेघा काढतं. निळी रेघ अंगात साठलेल्या ताकदीची. ती हट्टी, सहा आठवडे घाम गाळला की कुठे थोडी चढते. गुलाबी रेघ थकव्याची. ती उतावळी, दोन दिवसांत डोक्यावर बसते आणि चार दिवस आराम केला की उतरते. निळीतून गुलाबी वजा करायची. आकडा उणे आला तर माणूस थकलेला, अधिक आला तर ताजा. शाळेत मला गणितात कधी दहाच्या वर मार्क मिळाले नाहीत, पण हे गणित एका संध्याकाळी डोक्यात बसलं. मला वाटलं, अरे, आपण काही तेवढे हे नाही.

आणि त्याच आठवड्यात डिचोलीच्या त्या सायकल क्लबची जाहिरात आली. हौशी लोकांसाठी शंभर किलोमीटर. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, मग हळर्ण, चांदेलचे चढउतार घेऊन परत डिचोली, साडेपाच तासांच्या आत पोचला त्याला पदक. मी ती तुला भट्टीवर वाचून दाखवली. तू कोंड्याचे पाव, पोयी, टोपलीत भरत होतास. मान वर न करता म्हणालास, 'रोज चाळीस काढतंय, मागे पावांचो डोंगर घेऊन. मोकळ्या सायकलीन शंभर म्हणजे काय रे?' भट्टीचे मालक गोकुळदासबाब हसले, मीही हसलो. आज वाटतं, सगळ्या प्रकरणात खरं गणित तेवढंच झालं होतं, आणि ते तू केलं होतंस. पुढे जे केलं ते मी केलं.

तुला ते पहिले दिवस आठवतात? मांद्र्याहून मी गियरची सायकल आणली आणि तू तिला आधी काय बांधलंस, तर पोंपों. हॉर्न नसला तर हात चुकल्यासारखा वाटतो म्हणालास. केरीच्या रस्त्याला आपण निघालो, मी मागून स्कूटरवर, आणि वळण आलं की तुझा हात आपोआप दाबला जायचा. कुत्री शेपट्या हलवत धावत आली. म्हाताऱ्या टोपल्या घेऊन दारात उभ्या. एकीने तर तुला अडवलंच, 'पाव नाय तर पोंपों कशाक वाजवतस रे मेल्या?' तू उतरून तिची माफी मागितलीस आणि परत जाऊन तिचे चार उंडे आणून दिलेस. माझं बारा किलोमीटरचं वेळापत्रक त्यात गेलं. मी चिडलो होतो. आता आठवलं की हसू येतं.

पहिले दहा दिवस घड्याळ दिवसभर तुझ्या हाताला होतं. पहाटेची फेरी अठ्ठावीस किलोमीटर, संध्याकाळची बारा, आणि दोन्हींच्या मधे, दहा वाजताच्या उन्हात, माझं ट्रेनिंग. सगळं मोजलं जात होतं. मग ती गुलाबी रेघ माडासारखी सरळ वर गेली. आकडा उणे अडतीस. ॲप रोज लाल अक्षरांत सांगायचं, विश्रांती घ्या. मी वैतागलो. मला वाटलं, हे यंत्र ऑफिसात बसणाऱ्यांसाठी केलेलं आहे, सकाळी तासभर चालवून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. पाव वाटणं ह्याला काय कळणार? पाव वाटणं म्हणजे काय ट्रेनिंग आहे? ते तर तुझं रोजचंच. म्हणून मी तुला सांगितलं, फेरीला घड्याळ घालू नकोस, पीठ आत जातं आणि भट्टीच्या धगीने काच तडकते. तू लगेच काढलंस, रुमालात गुंडाळलंस आणि देवाच्या फळीवर ठेवलंस. आलेख दोन आठवड्यांत शहाण्यासारखा वागायला लागला.

मागच्या फोटोखाली तू म्हणालास, 'घड्याळ जपून वापरतंय हां, अजून पीठ लागाक दिलंय नाय.' ते ऐकलं तेव्हा मी गोणींवर बसून राहिलो. मुकादम ओरडला तरी उठता येईना. बाबली, पिठाने त्या घड्याळाला काही होत नाही. समुद्रात बुडवलं तरी चालतं ते. मी तुला थाप मारली होती, आणि वर्षभर तू माझी थाप रुमालात गुंडाळून जपतो आहेस.

आता परेशचं लिहितो. डिचोलीच्या क्लबातला तो, बँकेत आहे, सायकल इतकी हलकी की करंगळीने उचलावी. फॉर्म द्यायला मी गेलो तेव्हा तुझं नाव आणि पाव वाटायचा धंदा वाचून तो चारचौघांत म्हणाला, 'पोदेर शंभर मारतलो? मग पाव घेऊनच ये म्हणावं, आमच्या नाश्त्याची सोय होईल.' सगळे खिदळले. माझं डोकं फिरलं. मी फोन काढला आणि तुझा आलेख त्याच्या नाकासमोर धरला. बोटाने मागे पुढे करून सहा आठवड्यांचा आलेख त्याने नीट बघितला आणि विचारलं, 'हा प्लॅन कोणी केला?' मी म्हटलं, मी. तो म्हणाला, 'सुंदर आहे. कुठे शिकलात?' शिकलात, असं म्हणाला. मला आजवर मास्तरपासून मालकापर्यंत सगळ्यांनी 'ए' म्हणून हाक मारली. त्या दिवशी मी म्हापशाच्या स्टँडवर दोन बस सोडल्या, नुसता तो आलेख बघत बसलो. ते माझं पहिलं प्रगतिपुस्तक होतं रे, ज्यात लाल रेघ नव्हती. तुझं अंग त्या आलेखाच्या मागे कुठेतरी राहिलं. तू जिंकावंस असं मला वाटत होतं हे खरं, पण त्याहून जास्त तो आलेख तसाच सुंदर राहावा असं वाटत होतं, हेही खरं.

तू दमत होतास ते मला दिसत नव्हतं असं नाही. उंडे घेणाऱ्या घरी तू पोयी टाकून यायला लागलास. बारा वर्षांत तुझी घरं कधी चुकली नव्हती. एकदा पिठाच्या पोत्यांवर टेकलास तो तसाच झोपलास, तोंड उघडं, आणि गोकुळदासबाबांनी तुझ्या अंगावर रिकामं पोतं घातलं. मला म्हणाले, 'ह्याका जरा सोड रे दोन दिवस.' मी त्यांना फोन दाखवला. अधिक चार, बघा, म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, 'माका त्यातलां कळना नाय.' मला ते माझ्या बाजूने पडल्यासारखं वाटलं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात माझ्या कागदावर लिहिलं होतं, सोमवार ते बुधवार पूर्ण आराम. सायकलला हात नाही. असा आराम दिला की गुलाबी रेघ उतरते आणि माणूस ताजा होतो. पण त्याच आठवड्यात देवळाची जत्रा आली. दुकानं लागली, घरोघरी पाहुणे आले, पावाची मागणी दुप्पट झाली, आणि दुसरा पोदेर तापाने पडला. तू सोमवार, मंगळवार, बुधवार रोज तीन फेऱ्या मारल्यास, त्याचीही घरं धरून, टोपलीवर टोपली बांधून. घड्याळ फळीवर होतं. आलेखात ते तीन दिवस कोरे होते. गुलाबी रेघ सरसर खाली आली आणि आकडा अधिक अकरा झाला. मी तुला पाठीवर थाप देऊन म्हणालो, आता तुला कोण अडवतो बघूया. तू हसलास. डोळे लाल होते तुझे.

गुरुवारी मला चैन पडेना. ॲपमध्ये न मोजलेली फेरी मागाहून हाताने भरायची सोय असते. मी दुकानात बसून तुझ्या फेऱ्या भरत गेलो. पहिल्या दहा दिवसांची मोजमापं होतीच, तीच पुढच्या प्रत्येक दिवसाला लावली. सकाळची, संध्याकाळची, जत्रेच्या तीन तीन. सगळं भरून झाल्यावर रेघा हलल्या. निळी रेघ केवढी वर गेली माहीत आहे? क्लबात परेशने दाखवलेल्या त्याच्या रेघेच्याही वर. म्हणजे तुझ्यात ताकद होतीच, बारा वर्षांची साठलेली, माझ्या ट्रेनिंगची तुला गरजच नव्हती. तुला फक्त आठवडाभर कोणीतरी फेरीवरून सोडवायला हवं होतं. कारण गुलाबी रेघ तिच्याही वर होती, आणि आकडा होता उणे त्रेचाळीस. हे मी बघितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पंखा चालू होता, आणि मी ते स्वच्छ डोळ्यांनी बघितलं. मग एकेक फेरी मी पुसली. भरताना तासभर लागला, पुसायला तेवढाही लागला नाही. अधिक अकरा परत आला. त्याचा फोटो काढून मी परेशला पाठवला.

तू म्हणतोस तुझा डोळा लागला. हळर्ण सोडल्यावर उतारावर, अठ्ठ्याहत्तराव्या किलोमीटरला, समोर कोणी नाही, खड्डा नाही. मी मागून स्कूटरवर होतो. तुझी पाठ मला दिसत होती. वळण आलं आणि ती पाठ वळली नाही. तेवढंच. ब्रेकचा आवाजसुद्धा आला नाही. चिऱ्याच्या गडग्यावर, कडेच्या भिंतीवर, तू सरळ गेलास. मी धावत आलो तेव्हा तू शुद्धीत होतास आणि पहिलं काय विचारलंस, तर 'टायम किती झालो?' आपण पदकाच्या वेळेत होतो, बाबली. अठरा मिनिटं हातात होती.

हॉस्पिटलात खांद्यात पट्टी घातली त्या दिवसापासून तू माझी माफी मागतो आहेस. 'दोन महिने तू मेहनत घेतलंस, आणि मी तुझा नाव घालवलंय रे.' मी सफरचंद कापत होतो, कापत राहिलो. मला वाटलं, आज नको, बरा झाला की सांगू. मग तू घरी आलास, तेव्हा वाटलं, हात जरा वर जाऊ दे. मग शारजाचं जमलं आणि मी वीस दिवसांत विमानात बसलो. लोक म्हणाले, साईश सुधारला, परदेशी गेला. मी पळालो होतो. गणपतीच्या चवथीनंतर तू पुन्हा फेरी सुरू केलीस हे कळलं, टोपली कॅरियरवर चढवायला हात उचलत नाही म्हणून शेवंतीवहिनी पहाटे भट्टीवर येऊन चढवून देते हेही कळलं. आणि तरी दर सणाला तुझा फोन, आणि शेवटी तेच, 'मागच्या वेळी माझ्यात दम नव्हतो, नायतर तुझो प्लॅन बरोबर होतो.'

इथे मी तसलंच एक घड्याळ घेतलं, स्वस्तातलं. का घेतलं माहीत नाही. एका दिवशी बारा तासांत गोणी उचलून बोटं वळेनाशी झाली होती, खोलीवर येऊन पाठ टेकली आणि मनगटावरचं घड्याळ गुरगुरलं. बघतो तर लिहिलेलं, आज व्यायामाची नोंद नाही. बेळगाववाल्याला वाचून दाखवलं. तो हसून हसून कॉटवरून खाली आला, म्हणाला, 'त्याला म्हणावं, ये की रे उद्या माझ्या जागेवर.' मीही हसलो. मग तोंड भिंतीकडे करून पडलो. मी तर बटणच दाबलं नव्हतं. बटण दाबल्याशिवाय त्याच्या लेखी माणूस दिवसभर बसूनच असतो. मी तुझ्याबरोबर हेच केलं. तुझे रोजचे चाळीस किलोमीटर, पाठीमागचा तो पावांचा डोंगर, ह्या सगळ्याला मी बसून असणं धरलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. ह्या फेब्रुवारीत उतरू नकोस. तू पाठवलेला आलेख ताजा दिसतो, कारण त्यात तुझ्या फेऱ्या नाहीत. उद्यापासून घड्याळ बांधून भट्टीतून नीघ, महिनाभर तसंच बांध, आणि मग रेघा बघ. त्या वेळी माझं मत विचारू नकोस. पुढच्या वर्षी जायचंच असेल तर गोकुळदासबाबांकडून आधी पंधरा दिवस सुटी माग. तू बारा वर्षांत मागितली नाहीस, ते देतील.

आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते. आलेखाचं सगळं मी एका मेसेजात लिहू शकलो असतो. काल माझ्या बहिणीचा, सिद्धीचा फोन आला. तिने सांगितलं की शेवंतीवहिनी पोरीला घेऊन मयेला माहेरी गेली, आज आठ दिवस झाले. तू मला ह्यातलं एक अक्षर बोलला नाहीस. तू फॉर्म भरलास म्हणून भांडण झालं, आणि भांडणात ती पुन्हा तेच बोलली, की पडायच्या आधी मी साईशला सांगितलं होतं. आणि तू पुन्हा तेच म्हणालास, की साईश असा नाही, तू खोटं बोलतेस. बाबली, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला विचारलं होतंस, शेवंती तुला म्हापशाला भेटली होती काय? मी म्हटलं, नाही. ती भेटली होती. पडण्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारच्या बाजारात, मिरच्यांच्या रांगेत. तिने माझा हात धरून थांबवलं. म्हणाली, 'हे जेवता जेवता निजतत रे साईश. घास हातात, आणि मान खाली. तुझां यंत्र काय सांगता?' आदल्याच दिवशी मी उणे त्रेचाळीस बघितला होता. मी तिला अधिक अकरा दाखवला. तिने फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, 'रेघ बरी दिसता. माणूस बरो दिसना.' मी हसून म्हटलं, वहिनी, काळजी करू नका, तो एकदम ताजा आहे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी तिला तुझ्या घरात खोटी पाडली, अकरा महिने. माझ्यावर काय तो राग तू नंतर धर, मी कुठे जात नाही. पण आधी मयेला जा. हे पत्र तिच्या हातात दे, तिला वाचू दे. तिच्या आईसमोर दे, भावासमोर दे, त्यांनीही काय काय ऐकून घेतलं असेल. आणि तिचं वाचून होईपर्यंत तू काही बोलू नकोस. माझ्या बाजूने तर नकोच.

तुझाच,
साईश